धामणखेडच्या आगीचं नाव

"आधी मला ते मशीन दाखवा," छबुबाई दरेकर म्हणाल्या. "मग बसते मी."

एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचं हेल्मेट. मुलगा, निवास, त्यांच्या मागे उभा होता. धामणखेडहून पुण्यापर्यंत तो त्यांना मोटरसायकलवर घेऊन आला होता आणि दोघांच्याही भुवयांवर धूळ बसली होती.

"कुठलं मशीन?" मी विचारलं.

"ज्यानं आमचं नाव अडवलंय ते. ह्यो म्हणतो, माणसानं न्हाई अडवलं, मशीननं अडवलंय. मग बघू द्या की कसलं हाय."

माझा टीमप्रमुख अद्वैत बोडस कॉफीचा मग घेऊन तिथूनच चालला होता. त्याला असले प्रसंग आवडत. "आजी, मशीन आपल्याकडे नाही," तो म्हणाला. "ते अमेरिकेत असतं."

"आजी कुणाला म्हणता? तुमच्या आईएवढी असंन मी."

"सॉरी, काकू."

"अमेरिकेतल्या मशीनला धामणखेड कुठनं म्हाईत?"

बोडस हसला. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

मी तेव्हा नावांच्या बाजारात कामाला होते. त्याआधी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. आवृत्ती बंद झाली आणि शब्दांशी संबंध असलेली दुसरी नोकरी मिळेना, तेव्हा ही मिळाली. वेबसाइटचं नाव कुणाच्या कायमच्या मालकीचं नसतं. ठरावीक मुदतीसाठी घ्यायचं आणि मुदत संपायच्या आत वाढवायची. विसरलात की नाव सुटतं. अशी सुटलेली नावं उचलायची आणि विकायला लावायची, हा आमच्या कंपनीचा धंदा. नावं रोज ढिगानं येत. त्यातली विकू नयेत अशी नावं बाजूला काढायचं काम एक प्रोग्राम करायचा. ऑफिसात सगळे त्याला चाळणी म्हणत. शिव्या, हत्यारं, अंमली पदार्थ असे तिचे खाने होते. 'आपत्ती' हा खाना नंतर वाढवलेला. कुणीतरी पुरात वाहून गेलेल्या गावाचं नाव विकत घेतलं होतं आणि त्यावर लोकांना फसवून देणग्या गोळा केल्या होत्या. तेव्हापासून आग, पूर, अपघात, चेंगराचेंगरी यांतलं काही गावाच्या नावाला जोडून आलं की चाळणी ते नाव अडवून ठेवायची. नियम चांगला होता. मी आजही तेच म्हणेन.

चाळणीनं चुकीचं अडवलं असं कुणाला वाटलं तर अर्ज करता यायचा. ते अर्ज माझ्याकडे येत. अर्जदाराचा त्या घटनेशी खरा संबंध आहे अशी माझी खात्री पटली की मी एक बटण दाबायचे आणि नाव फक्त त्या अर्जदाराला मिळायचं. बहुतेक लोक ईमेल करत. ऑफिसचा जिना चढून कुणी येत नसे. छबुबाई आल्या. त्यांच्या सुटलेल्या साइटच्या नावात धामणखेड आणि आग, दोन्ही होतं.

"कागद आणलेत?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आणि पेपरातलं एक कात्रण. कात्रण आमच्याच पेपरातलं होतं. त्या मथळ्यावर मी हात फिरवलेला मला आठवला. धामणखेडच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा कच्चा माल बनवणारा एक कारखाना होता. दुसऱ्या पाळीत तिथे आग लागली आणि अकरा कामगार गेले. पहिल्या दिवशी आम्ही बातमी पानभर लावली. आठवड्याच्या शेवटी ती आतल्या पानावर एका कॉलमात आली.

"भगवान दरेकर तुमचे मिस्टर?"

"व्हय. अकरातलं सातवं नाव. वय चुकीचं टाकलंय तुम्ही पेपरवाल्यांनी."

मी पेपरवाली होते हे त्यांना सांगितलं नाही.

"साइटवर काय होतं, ते सांगा," मी म्हणाले. उत्तर मला माहीत होतं, पण अर्जदाराच्या तोंडून ऐकावं असा नियम होता.

छबुबाई आता बसल्या. हेल्मेट मांडीवर घेतलं.

"दार होतं," त्या म्हणाल्या. "शेडला मागनं दार हाय. त्या दिवशी त्याला भाईरनं कुलूप होतं. सगळी माणसं तिथंच घावली, दाराच्या आतल्या अंगाला, एकावर एक. आता सांगा, दार उघडं असतं तर माणसं तिथं मरतील का भाईर पडतील?"

"बाहेर पडतील."

"सरकारच्या कागदात लिवलंय, दार उघडं असल्याचं दिसून येतं. कुणाला दिसून आलं? रमजान मुल्ला म्हणून एक होता, तो दवाखान्यात दोन दिवस जगला. त्यानं बोलून ठिवलं. कुलूप होतं, आमी लाथा घातल्या, असं. ते त्याच्या भावानं फोनात धरलं. ते आमी साइटवर घातलं. पोस्टमार्टमचे कागद घातले. सगळ्यांचे फोटू घातले. जगात कुठनंबी कुणी त्या कारखान्याचं नाव काढलं की पयली आमची साइट यायची. जर्मनीच्या एका बाईनं पत्र धाडलं होतं."

"ती साइट तयार कुणी केली?"

"आमी अकरा घरांनी. पण चालवायचा ह्यो." त्यांनी मागे न बघता अंगठ्यानं मुलाकडे खूण केली. "ह्याला येतं सगळं त्यातलं."

निवास खिडकीशी उभा होता. तिशीच्या आतला, दाढी नीट कोरलेला, खिशाला कारखान्याच्या गेटपासाची क्लिप. पास खिशात उलटा खोचलेला होता.

"मला दुसरं कायबी नको," छबुबाई म्हणाल्या. "पैशे मिळाले आमाला. पोराला नोकरी मिळाली. पण दार बंद होतं, हे कुठंतरी लिवलेलं पायजे. न्हाईतर उद्या लोक म्हणतील, ही अकराजणं येडी होती, उघड्या दाराशी जळून मेली."

बोडस अजून तिथेच होता. त्यानं कॉफीचा मग खाली ठेवला. "काकू, चला," तो म्हणाला, "मशीन दाखवतो तुम्हाला."

"अमेरिकेत?"

"त्याची एक फांदी आहे इथे."

तो त्यांना कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीकडे घेऊन गेला. तिथे आमच्या इंटरनेटच्या तारांचं कपाट होतं. चाळणीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्या गेल्या. हेल्मेट सोबत नेलं.

मी त्यांचे कागद लावून घेतले. त्यात अडण्यासारखं काहीच नव्हतं. स्क्रीनवर अर्ज उघडला, सोडायचं बटण हिरवं झालं.

"मॅडम," निवास म्हणाला. तो छबुबाईंच्या खुर्चीत येऊन बसला होता. "तिला ते नाव देऊ नका."

मला वाटलं, त्याला आमचाच संशय आहे. रोजच्या फसव्या फोनांमुळे लोक बिथरलेले असत. मी म्हणाले, "घाबरू नका. हा रीतसर व्यवहार आहे. नाव तुमच्याच ताब्यात येईल."

"म्हणूनच म्हणतो."

मी स्क्रीनवरून नजर काढली.

"मुदत वाढवायचं काम माझ्याकडंच होतं," तो म्हणाला. "ईमेल यायचे, मुदत संपतेय म्हणून. मी वाचायचो."

"आणि विसरलात?"

"नाही."

कॉरिडॉरमधून बोडसचा आवाज येत होता. तो काहीतरी समजावून सांगत होता, मोठ्यानं, लहान मुलांशी बोलतात तसा.

"साइट बंद पडली तेव्हा तिला सांगितलं, सर्व्हर डाऊन आहे. काही महिने ते चाललं. मग म्हटलं, मशीननं अडवलंय. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. तर खरंच मशीननं अडवलेलं निघालं." तो हसला, पण त्याला हसू आलं नव्हतं. "तिनं शेजारच्या पोरीकडून तुमचा अर्ज भरून घेतला. मला नंतर कळलं. तुमचं उत्तर आलं, कागद दाखवा म्हणून. म्हणाली, ने मला. नाही म्हटलं असतं तर एसटीनं आली असती. एकटी आली असती तर तुम्ही देऊन टाकलं असतं."

"हो. देऊन टाकलं असतं."

"म्हणून आलो."

"निवास, तुम्हाला कुणी काही म्हटलंय का?"

"कुणी धमकी दिली नाही, तुम्ही म्हणता तसं काही नाही. अकरा घरांतला एकेक वारस कंपनीनं घेतला कामावर. बाहेरचं गिऱ्हाईक ऑर्डर देण्याआधी नाव शोधतं. आमची साइट दिसली की प्रश्न विचारतं. मॅनेजरसाहेबांनी आम्हा अकराजणांना चहाला बोलावलं. म्हणाले, बाबांनो, राहतं घर स्वतःच्याच हातानं पेटवताय. शेड बंद पडली तर पहिले तुम्ही जाणार. एवढंच म्हणाले. चहा चांगला होता."

"तुम्ही कुठे आहात कामाला?"

"वडलांच्या जागेवर. तीच शेड. दुसरी पाळी."

"आईंना माहीत आहे?"

"तिला वाटतं मी स्टोअरला आहे."

मी विचारणार नव्हते. पण विचारलं. "आणि ते दार?"

"नवीन बसवलंय. लोखंडी. आतनं ढकललं की उघडतं तसलं. तपासणीला आले की बघून जातात."

"म्हणजे उघडं असतं."

त्यानं तळहात पँटीवर पुसले. "माल चोरीला जातो मागच्या बाजूनं. त्यामुळं पाळी चालू असताना साखळी असते. वरनं कुलूप. पण चावी माझ्याकडं असते, मॅडम. मी सांगून मागून घेतली. मी जागेवरनं हलत नाही. जेवायलासुद्धा नाही."

त्यानं फोन काढला. आमच्याच कंपनीचं पान त्यानं आधीच उघडून ठेवलेलं होतं.

"तुमच्या नियमात लिहिलंय," तो म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या घरातल्या कुणी हरकत घेतली तर नाव कायमचं बंद होतं. आणि हरकत कुणाची, ते सांगत नाहीत."

तसं लिहिलेलं होतं. घरच्यांच्या दुःखाचा कुणी बाजार मांडू नये म्हणून. आणि हरकत घेतली म्हणून घरच्यांना कुणी त्रास देऊ नये म्हणून त्यांचं नाव गुप्त. सगळा विचार केलेला होता.

"निवास, एकदा बोला त्यांच्याशी. इथे बसून बोला हवं तर. मी बाहेर जाते."

"काय बोलू? मला सांगा, कुठल्या वाक्यापासनं सुरुवात करू?"

तो वाट बघत होता. खरंच वाट बघत होता. माझं आयुष्य दुसऱ्यांची वाक्यं नीट करण्यात गेलेलं. मला एकही सुचलं नाही.

त्यानं फोनवर वडिलांचं नाव भरलं. नातं, मुलगा. दाखल्याचा फोटो त्याच्याकडे होताच. कारणांच्या रकान्यात त्यानं 'भावना दुखावतात' निवडलं आणि बटण दाबलं. माझ्या स्क्रीनवरचं हिरवं बटण राखाडी झालं. खाली दोन शब्द आले: कायम बंद.

"मशीननं अडवलं, असं सांगा," निवास म्हणाला आणि खुर्चीतून उठून पुन्हा खिडकीशी गेला.

छबुबाई परत आल्या. "बघितलं," त्या म्हणाल्या. "कपाटात कोंडून ठिवलंय. नुसतं लुकलुकतंय."

"काकूंनी त्याला झापलं," बोडस म्हणाला.

"झापलं न्हाई. इचारलं. म्हटलं, बाबा, आमच्या आगीनं तुझं काय दुखलं?"

"मग काय म्हणालं?" बोडसनं विचारलं.

"तुमच्यावानी नुसतं दात दाखवतंय."

बोडसनं कॉफीचा मग उचलला आणि गेला. छबुबाई बसल्या. मी त्यांचे कागद उलटसुलट न करता जसे होते तसे पिशवीत घातले.

"नाव मिळणार नाही, छबुबाई. कायमचं बंद झालंय."

"आत्ता?"

"आत्ताच."

"कुणी केलं?"

खरं सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी माझी नोकरी गेली असती. पण त्या क्षणी ते माझ्या डोक्यातही नव्हतं. निवास आईच्या पाठीमागे उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, आईच्या अंबाड्याकडे बघत होता. तिथे पदर सुटला होता.

"मशीननं," मी म्हणाले.

"तुमच्या उत्तरात तर होतं, कागद बघून माणूस ठरवतं."

"काही वेळा मशीन ठरवतं."

"का म्हणून?"

"असं नाव दिसलं की मेलेल्यांच्या घरच्यांना त्रास होतो. म्हणून."

छबुबाईंनी ते नीट ऐकलं. "मेलेल्यांच्या घरची मी," त्या म्हणाल्या. "मला न्हाई होत."

निवासनं पुढे येऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. "चल आई. अंधार व्हायच्या आत घाट उतरू. जेवढं करायचं तेवढं केलं आपण."

"तू केलंस, बाबा. ह्यांनी काय केलं?" त्या माझ्याकडे वळल्या. "ह्याची पाळी असती, मॅडम. रजा टाकून आला. ह्या वयाची पोरं आईला मोटरसायकलवर बसवत्यात व्हय? मी म्हटलं चल, की चल. त्या दहा घरांत जाऊन बघा, एक तरी पोरगं आगीचं नाव काढतंय का. तोंडाला कुलूप घालून बसलीत सगळी. माझाच एक हाय."

निवासचा हात खांद्यावरच होता.

मला वाटलं, त्या आता उठतील. त्या उठल्या नाहीत. हेल्मेट त्यांनी टेबलावर ठेवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आग नको तर नको. माणसाच्या नावाला तर तुमच्या मशीनची हरकत न्हाई?"

"म्हणजे?"

"भगवान दरेकर घाला. धामणखेड नको, आग नको. नुसतं माणसाचं नाव. त्यात आमचं सगळं घालू पुन्यांदा. रमजानचं बोलणं माझ्यापाशी हाय पेनड्राइव्हात. लोकांना घावायला येळ लागंल. लागू द्या."

"आई, घरी जाऊन करू," निवास म्हणाला.

"घरी कशाला? मॅडम हितं हायत. बघा की हो."

मी टाइप केलं. चाळणीतून ते नाव क्षणात पार झालं. जगात ते कुणाकडेच नव्हतं, आणि नवं नावही आमच्याकडून घेता यायचं.

"मिळतंय," मी म्हणाले. हे म्हणताना मी निवासकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पळून पळून दमलेला माणूस दिसतो तसा तो दिसला.

"घे रं मग," छबुबाई म्हणाल्या. "माझ्या खात्यातनं घे. कार्ड हाय माझ्याकडं." त्यांनी ब्लाउजमधून छोटं पाकीट काढलं, त्यातून बँकेचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे दोन्ही हातांनी धरलं. मी आकडे भरले. शेवटी पडद्यावर आलं की खातेदाराच्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो इथे टाका.

"तुमच्या फोनवर नंबर येईल," मी सांगितलं.

"माझ्या न्हाई. खात्याला ह्याचा नंबर हाय. माझा फोन बटनाचा, मला वाचता येत न्हाई त्यातलं. सगळं ह्याच्याकडंच येतं. आलं का रं?"

निवासनं फोन काढून टेबलावर ठेवला. पालथा. टेबल काचेचं होतं. फोन थरथरला तशी काच घुरघुरली.

"वाजला की," छबुबाई म्हणाल्या.

त्यानं फोन उचलून बघितला आणि परत पालथा ठेवला. "कंपनीचा मेसेज आहे. पाळीचा."

"आणि ते?"

"नाही आलं अजून. रेंज कमी असेल."

आम्ही तिघं थांबलो. पडद्यावर 'पुन्हा पाठवा' असा पर्याय आला.

"परत धाडता येतं?" छबुबाईंनी विचारलं.

"येतं," मी म्हणाले आणि दाबलं.

काच घुरघुरली. निवासनं फोन उचलला. "पाळीचाच," तो म्हणाला. "दोनदा पाठवतात."

"किती पाळ्या लावत्यात रं तुला," छबुबाई म्हणाल्या. "परत बघा, मॅडम."

मी पुन्हा दाबलं. माझी कामाची वेळ होती, समोर अर्जदार होत्या, आणि अर्जदाराला मदत करणं नियमातच होतं. काच घुरघुरली. या वेळी त्यानं फोन उचलला नाही, त्यावर पंजा ठेवला. पंजाखाली फोन हलला आणि थांबला.

"नाही येत," तो म्हणाला.

मी पुन्हा दाबलं.

त्याच्या कपाळावरच्या धुळीत घामाची रेघ उतरली होती. फोन पंजाखाली कुरकुरला. छबुबाईंनी त्याच्या पंजाकडे बघितलं. मग त्याच्या तोंडाकडे. मग बराच वेळ पुन्हा पंजाकडे.

"बस करा, मॅडम," निवास म्हणाला. फार हळू म्हणाला.

"का म्हणून?" छबुबाईंची नजर पंजावरून हलली नाही. "येईल की. दाबा तुम्ही."

मी दाबलं.